फोर्ट्रान शिकवायची ठरवली तेव्हा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते संगमनेरला कॉलेजात मला गणित शिकवणाऱ्या सरांचे. घरच्यांचे उपकार मी यात धरत नाही, ते धरायचेच नसतात. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मी एम.एस्सी. होऊन त्याच कॉलेजात शिकवायला उभा राहिलो, हे ज्या एका माणसामुळे घडलं ते सर.

मी कॉलेजात आलो तेव्हा इंग्रजी पुस्तकातलं गणित मला सुटायचं, पण त्याच्या आजूबाजूचा मजकूर वाचता यायचा नाही. 'लेट' आणि 'सपोज' हे शब्द दिसले की मी घाबरून ती ओळ नुसती पाठ करायचो. सरांनी हे पहिल्या काही तासांतच ओळखलं. त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. ते मुलाला फळ्यापाशी बोलवायचे, पण उदाहरण स्वतः सोडवायचे. मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "आता मी कुठं अडलो, सांग." आपण सांगायला लागलो की कळायचं, अडलेले सर नाहीत, आपण आहोत. मग ते मराठीत, हळू आवाजात, मागच्या बाकावरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने दोन वाक्यं बोलायचे आणि खडू आपल्या हातात द्यायचे. माझं इंग्रजी कच्चं आहे हे वर्गात कोणाला कधी कळलं नाही, ते त्या हळू आवाजामुळे.

मी तिथे शिकवायला लागलो तेव्हा सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं कॉलेजातल्या गणिताच्या शिक्षकांसाठी उन्हाळ्यात कॉम्प्युटरचा वर्ग ठेवला. बोलावणं विभागप्रमुख म्हणून सरांना आलं. त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं.

"तू जा."

"सर, नाव तुमचं आहे."

"नाव माझं आहे, डोळे माझे राहिले नाहीत. तिकडे म्हणे कार्डावरची बारीक भोकं वाचावी लागतात. मला आता कार्डाचं भोक कुठलं आणि मोतीबिंदू कुठला, हे कोण सांगणार?"

अशा रीतीने मी मुंबईला गेलो, आणि परत आलो तो डोक्यात एक वर्ग घेऊन. आपल्या मुलांना हे शिकवायचं. कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता, येण्याची शक्यताही नव्हती. पण पुण्याच्या एका कारखान्यात होता, आणि रविवारी तो रिकामा असायचा. मी तिथे जाऊन भेटलो. कॉम्प्युटर विभागाचं काम एक बाई बघायच्या, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, बोलायला एकदम रोखठोक. त्या म्हणाल्या, "मुलांनी प्रोग्रॅम कागदावर लिहावेत, आमच्या विभागातल्या मुली त्यावरून भोकं पाडून कार्डं पंच करतील, रविवारी चालवून देऊ. पण प्रोग्रॅमची भाषा एकच. दर रविवारी वेगळी भाषा यंत्रावर चढवायला आम्हाला वेळ नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर कुठली ते कळवा. एकदा कळवली की वर्षभर तीच."

म्हणजे निर्णय एकच घ्यायचा होता, पण तो बदलता येणार नव्हता.

मी ते सरांना सांगितलं तेव्हा ते इंदूरला लेकीकडे, म्हणजे आमच्या ताईंकडे, जायच्या तयारीत होते. थंडीत डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. स्टँडवर त्यांची वळकटी धरून मी उभा होतो. गाडी लागायची होती.

"यंत्रभाषेपासून सुरुवात कर," सर म्हणाले. "आकड्यांची भाषा. यंत्राला जी खरोखर कळते ती. वरच्या भाषा नंतर."

"मुलांना जड जाईल, सर."

"जाऊ दे की. सूत्र पाठ करून घेण्याआधी मी तुमच्याकडून ते काढून घेत होतो का नव्हतो? आत काय चाललंय हे माहीत नसताना वरची भाषा शिकवलीस तर ही मुलं यंत्राला देव मानायला लागतील. फुलं वाहतील त्याच्यावर."

गाडी आली. ते चढले, खिडकीशी बसले आणि पुन्हा म्हणाले, "आकड्यांपासून. लक्षात ठेव."

मी मान हलवली. तोपर्यंतच्या आयुष्यात मी सरांच्या शब्दाबाहेर गेलो नव्हतो. कोणता विषय घ्यावा, पुण्याला कुठे राहावं, नोकरीचा अर्ज कोणत्या शब्दांत लिहावा, सगळं त्यांना विचारून केलं होतं. आणि त्यांचं दरवेळी बरोबर निघालं होतं. पण मान हलवतानाच मला वाटत होतं की या एका बाबतीत मला खात्री करून घ्यावी लागेल.

वर्ग भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत भरायला लागला, संध्याकाळी, कॉलेज सुटल्यावर. बहुतेक मुलं आजूबाजूच्या खेड्यांतली. काहींच्या हाताला दुष्काळी कामावर खडी फोडल्याचे घट्टे अजून होते. मुली थोड्या होत्या, पण वही पहिल्यांदा त्यांची भरायची. मुलं सरांना 'मोठे सर' म्हणत आणि मला 'छोटे सर'. मला त्यात काही कमीपणा वाटत नसे.

मी भाषा आधी ठरवली नाही. दोन-तीन भाषा मुलांवर करून बघायच्या आणि मग ठरवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. सुरुवात अर्थातच सरांच्या आकड्यांपासून केली.

यंत्रभाषेत प्रत्येक आज्ञा म्हणजे आकड्यांची एक रांग. एकवीस म्हणजे बेरीज, बावीस म्हणजे वजाबाकी, आणि पुढे यंत्राच्या स्मरणातल्या ज्या खान्यांतल्या संख्या घ्यायच्या त्या खान्यांचे नंबर. मी प्रयोगशाळेतल्या बाकांनाच पन्नासपासून पुढे नंबर दिले. प्रत्येक बाकावरचा मुलगा म्हणजे यंत्राचा एक खाना, त्याच्या पाटीवर एक संख्या. एकजण आज्ञा वाचायचा, दुसरा हिशेब करायचा. मुलांना खेळ आवडला. धावाधाव झाली, चुका झाल्या, दुरुस्त झाल्या. काही दिवसांनी एक लांबलचक उदाहरण त्यांनी एकही चूक न करता पार पाडलं. मी खूश होऊन विचारलं, "आता सांगा, आपण काय काढलं?"

सगळे एकमेकांच्या पाट्या बघायला लागले. मग एकजण उठला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, एक्कावन्न नंबरच्या बाकावर आलंय ते."

आम्ही त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं होतं. त्या मुलाने सगळं बरोबर केलं होतं आणि त्रिकोण त्याला कुठेच दिसला नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मलाही दिसला नसता. त्या संध्याकाळी घरी जाताना सरांच्या शब्दाबद्दल पहिली शंका माझ्या मनात ठाम झाली.

त्याच सुमारास जवळच्या साखर कारखान्याचे एक संचालक वर्ग बघायला आले. ते कॉलेजच्या कमिटीवरही होते. आमचे कागद पुण्याला पोचवायला आणि परत आणायला कारखान्याची जीप देणार होते तेच. त्यांच्याशिवाय वर्ग चालणं कठीण होतं. धोतर सावरत ते पहिल्या बाकावर बसले.

"काय मास्तर, पुन्याचं मशीन कवा येनार मग हिकडं?"

"मशीन पुण्यालाच राहणार, साहेब. आपण इथून कागद पाठवायचे."

"म्हंजी नवरी तिकडं अन् वऱ्हाड हिकडं!" मुलं हसली. ते हसले नाहीत. "बरं, भाषा कंची शिकवनार?"

"अजून ठरायचंय."

"ठरायचं काय त्यात? कोबोल शिकवा. आमच्या कारखान्यात एक सायेब आल्ता पुन्यास्नं. त्यो म्हनला, हापिसात समदीकडं कोबोलच चालती. पोरास्नी नोकरी लागंल अशी भाषा शिकवा. शोभेची नगं."

"मला फोर्ट्रान बरी वाटते. तिच्यात सूत्रं जशीच्या तशी लिहिता येतात."

"सूत्रं!" ते माझ्याकडे दयेनं बघायला लागले. "उद्या नोकरीला गेल्यावर सायेब इचारंल, कोबोल येती का? तवा पोरगं काय सांगंल? मास्तरांनी त्रिकोन शिकवला?"

मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि पोरांच्या नोकरीची काळजी त्यांना खरोखर होती. म्हणून कोबोलही मी मनापासून शिकवून बघितली. मुंबईहून आणलेल्या पुस्तकातला एक लहानसा प्रोग्रॅम फळ्यावर लिहिला. कोबोलमध्ये काम सुरू होण्याआधी बरीच प्रस्तावना लिहावी लागते. प्रोग्रॅमचं नाव, यंत्राचं नाव, फायलींची वर्णनं, सगळं लांब लांब इंग्रजी शब्दांत. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या मुलांनी ते सुरेख अक्षरात उतरवून घेतलं, शीर्षकांखाली लाल शाईने रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलाने उभं राहून सगळी प्रस्तावना तोंडपाठ म्हणून दाखवली, एकही शब्द न चुकता. शाळेत पसायदान म्हणतात त्या चालीवर.

"छान," मी म्हणालो. "यात काम कुठे आहे?"

त्याने वहीचं पान उलटून बघितलं. "काम पुढच्या पानावर असेल, सर."

माझ्या मनातला कोबोलचा प्रश्न तिथे सुटला. 'लेट' आणि 'सपोज'ला घाबरणारा मुलगा मी स्वतः होतो. जो शब्द कळत नाही तो पाठ करायचा, ही आमची सवय मला आतून माहीत होती. कोबोलने तीच सवय पुन्हा लागली असती. फोर्ट्रानमध्ये इंग्रजी शब्द मोजके. वाच, लिही, जर, जा, पुन्हा कर, थांब, संपलं. एवढे शब्द कुठलंही पोरगं एका दिवसात आपलेसे करतं. बाकी सगळं ए, बी, सी आणि अधिक-उणे. ते त्याला आठवीपासून येत होतं.

मग आम्ही फोर्ट्रान धरली. उदाहरण घेतलं शेताचं. शेत कधी सरळ चौकोनी नसतं, पण ते त्रिकोणांत तोडता येतं, आणि त्रिकोणाच्या तीन बाजू मोजल्या की क्षेत्रफळ निघतं. ते सूत्र मुलांना शाळेपासून माहीत होतं: तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं घ्यायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. प्रत्येकाने आपापल्या शेताचा एक तुकडा दोरीनं फुटांत मोजून आणायचा, आणि क्षेत्रफळ गुंठ्यांत काढायचा प्रोग्रॅम लिहायचा, असं ठरलं. ज्यांना शेत नव्हतं त्यांनी कॉलेजच्या मैदानाचा कोपरा घेतला.

प्रोग्रॅम लिहायला चौकटीचे छापील कागद होते. एका चौकटीत एक अक्षर. पंच करणाऱ्या मुली चौकटी बघून भोकं पाडणार, म्हणून मी वर्गात पुन्हा पुन्हा बजावलं, "चौकटीबाहेर एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही. जे लिहाल ते चौकटीत, आणि इंग्रजी मोठ्या लिपीत." मुलांनी ते इतकं मनावर घेतलं की कागद हातात आले तेव्हा मला छपाई बघितल्यासारखं वाटलं. मी प्रत्येकाचं सूत्र तपासलं. भाषा पक्की कळवण्याआधी चाचणीचे दोन-तीन रविवार द्यायला बाई तयार झाल्या होत्या, म्हणून जीपने कागद पुण्याला गेले. पुढच्या रविवारी मी पुण्याला गेलो.

बाईंनी टेबलावर कागदांची चळत ठेवली. यंत्रातून निघालेले ते लांब कागद, दोन्ही कडांना भोकं असलेले.

"संगमनेरकर," त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्गात सर्वधर्मसमभाव आहे. पण एक सोडून एकही प्रोग्रॅम चाललेला नाही."

मी पहिला कागद उघडला. पहिल्याच ओळीवर, अगदी मधोमध, चौकटी मोजून लिहिल्यासारखं: SHRI. खाली यंत्राने ही ओळ कळत नसल्याचं लिहून काम थांबवलं होतं. दुसऱ्या कागदावर SHRI. तिसऱ्यावर SHRI. मग एका कागदावर 786. एका कागदावर नुसतं अधिकचं चिन्ह. आमच्या वर्गात नगरकडची एक ख्रिस्ती मुलगी होती, तिचा कागद तो. टंकलेखनाच्या अक्षरांत क्रूस काढायचा तर दुसरं काय काढणार?

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला, आणि मग मी तिथेच खुर्चीवर बसून हसायला लागलो. बालवाडीपासून आमच्याकडे कागदाच्या माथ्यावर श्री लिहिल्याशिवाय कोणी पेपरला हात घालत नाही. वर्गात मी सूत्रं तपासली, पण कागदाचा माथा माझ्या डोळ्यांना इतका ओळखीचा होता की तो मला दिसलाच नाही. आणि चौकटीबाहेर लिहायचं नाही, म्हणून देवही चौकटीत आला.

"तुमच्या मुलींना हे खटकलं नाही?" मी विचारलं.

"आमच्या मुली पंच करतात, वाचत नाहीत," बाई म्हणाल्या. मग त्याही हसल्या. "वाचलं असतं तरी श्री कोण खोडणार हो?"

एक प्रोग्रॅम चालला होता. तो वर्गातल्या एका वक्त्याचा होता. हा मुलगा गॅदरिंगमध्ये समाजवादावर भाषणं ठोकायचा आणि कागदावर देवाधर्माचं काही लिहायचा नाही. सोमवारी वर्गात निकाल सांगितला तेव्हा तो कॉलर ताठ करून उभा राहिला.

"बघा! देवाशिवाय चाललं की नाही?"

"चाललं," मी म्हणालो, "पण उत्तर वाच."

त्याने कागद वाचला आणि चेहरा पडला. शेताचं क्षेत्रफळ शून्य गुंठे.

"सगळी जमीन सीलिंग कायद्यात गेली रे!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि वर्ग कोसळला.

"वाटून टाकली असेल त्यानं गरिबांना," दुसरा म्हणाला. "बोलतो तसं वागतो आपला भाऊ."

हसणं ओसरल्यावर खरा तास सुरू झाला, आणि तो मी घेतला नाही. मुलं त्या एका कागदाभोवती गोळा झाली. सूत्र तर बरोबर दिसत होतं. त्याने तिन्ही बाजूंच्या बेरजेला एक भागिले दोनने गुणलं होतं. वाद जुंपला. वर्गमूळ चुकलं, कोणी म्हणालं. बाजूच चुकीच्या मोजल्या, कोणी म्हणालं. तेवढ्यात वाणिज्य शाखेतून आलेली एक मुलगी, जी एरवी कोणाच्या वाटेला जात नसे, म्हणाली, "एकाला दोनाने भागलं तर शून्यच येतं की."

"अर्धा येतो!" सगळे तिच्यावर धावले.

"दुसरीतला भागाकार करा," ती म्हणाली. "एकात दोन जात नाहीत. भाग शून्य, बाकी एक. सरांनी सांगितलं होतं ना, पूर्ण संख्या लिहिल्या की यंत्र पूर्ण संख्येचाच भागाकार करतं? मग बाकी टाकून दिली त्यानं. शून्यानं गुणलं की शेत राहील का?"

वक्त्याने तिच्याकडून पेन्सिल घेतली, एकच्या आणि दोनच्या पुढे दशांशचिन्ह ठेवलं आणि मला म्हणाला, "आता अर्धा येईल. बरोबर, सर?"

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. मला काहीच बोलावं लागलं नव्हतं. एक्कावन्न नंबरच्या बाकावर आलेल्या उत्तरावर कोणी भांडलं नव्हतं, पाठ केलेल्या प्रस्तावनेवर कोणी भांडलं नव्हतं. इथे मुलं भांडत होती, कारण काय लिहिलंय ते त्यांना दिसत होतं. नवशिक्याची भाषा कशी असावी, याचं उत्तर माझ्यापुढे घडत होतं.

उरला श्रीचा प्रश्न. "आता कोणी श्री लिहायचं नाही," असं सांगणं सोपं होतं. पण ती ख्रिस्ती मुलगी म्हणाली, "सर, न लिहिता मी कधी पेपर सुरू केलेला नाही. माझा हातच चालणार नाही." आणि बहुतेकांचे चेहरे तिच्याच बाजूचे होते.

मी फळ्यावर गेलो. फोर्ट्रानमध्ये एक सोय असते. ओळीच्या पहिल्या चौकटीत सी हे अक्षर टाकलं की यंत्र ती ओळ जशीच्या तशी कागदावर छापतं, पण तिच्याकडे लक्ष देत नाही. ही ओळ माणसाने माणसासाठी लिहिलेली असते. मी ती नंतर कधीतरी, प्रोग्रॅम मोठे झाल्यावर शिकवणार होतो. त्या दिवशीच शिकवली.

"म्हणजे सी टाकला की यंत्र वाचत नाही?"

"नाही."

"मग कोण वाचतं?"

"तू. मी. पुण्याच्या बाई. तुझ्यानंतर जो कोणी हा प्रोग्रॅम दुरुस्त करेल तो."

मुलांनी पुन्हा कागद लिहिले. पहिल्या ओळीत सी आणि ज्याचं त्याचं. पण गंमत पुढे झाली. काहींनी दुसऱ्या ओळीतही सी टाकला आणि लिहिलं, हे विहिरीजवळचं शेत. कोणी लिहिलं, इथे निम्मं काढलं. एकाने लिहिलं, बाजू चुलत्याने मोजली, खात्री नाही. कुठलाही तास न घेता मुलांना कळलं होतं की प्रोग्रॅममध्ये दोन वाचक असतात, एक यंत्र आणि एक माणूस, आणि दोघांशी वेगळं बोलावं लागतं. आकड्यांच्या यंत्रभाषेत ही दुसऱ्या वाचकाची जागाच नाही. सरांच्या शब्दाला माझं उत्तर ते होतं.

या खेपेला पुण्याहून शेतं परत आली, गुंठ्यांसकट. संचालकांना मी त्यांच्याच भावकीतल्या एका मुलाचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला, आकडा बोटाखाली धरला, मनाशी काहीतरी हिशेब केला.

"हा तुकडा तर बरोब्बर हाय की. तलाठ्याच्या परीस बरा." मग माझ्याकडे बघून, "बरं, तुमचा त्रिकोन ऱ्हाऊ द्या यंदा. पन पुढल्या साली कोबोल."

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणालो. "फोर्ट्रान आलेल्या मुलाला कोबोलची प्रस्तावना पाठ करावी लागणार नाही. तो वाचेल."

"जीप न्या मग वरीसभर," ते म्हणाले.

पुण्याच्या बाईंना मी फोर्ट्रान असं कळवलं. ते पत्र टपालात टाकून आलो आणि त्याच दिवशी सरांना लिहायला बसलो. त्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे राहिला होता. तो असा:

ती. सर,

साष्टांग नमस्कार. ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचं ताईंनी कळवलं, फार बरं वाटलं. डोळ्यांवर पट्टी असेल, तेव्हा हे पत्र ताईच वाचून दाखवतील. म्हणून कॉम्प्युटरचं काही माहीत नसलेल्या माणसालाही कळेल असं लिहितो आहे. कळलं नाही तर चूक माझी समजावी.

सर, मी तुमचं ऐकलं नाही. वर्गासाठी फोर्ट्रान घेतली आणि तसं पुण्याला कळवलं. तुमची परवानगी आधी मागायला हवी होती असं तुम्हाला वाटेल. मी मुद्दाम मागितली नाही. तुम्ही नको म्हणाला असता तर मी मुलांना न बघता तुमचं ऐकलं असतं, आणि तुम्ही मला मुलांना बघायला शिकवलं आहे.

आकड्यांची भाषा मी आधी शिकवली, प्रामाणिकपणे, पुरेसे दिवस. मुलांनी हिशेब चोख केला, पण आपण काय काढतो आहोत ते त्यांना दिसलं नाही. फोर्ट्रानमध्ये दिसलं. एका मुलाचं शेत शून्य गुंठे आलं आणि त्याची चूक मी नाही, एका मुलीने दुसरीतल्या भागाकाराने शोधली. त्या दिवशी मी माझ्या मनाशी ठरवलं की ज्या भाषेत मुलं एकमेकांची चूक शोधू शकतात ती पहिली.

मुलं यंत्राला देव मानतील अशी तुम्हाला काळजी होती. त्याचं मी सांगतो. मुलांनी प्रोग्रॅमच्या माथ्यावर श्री लिहिला आणि यंत्राने काम थांबवलं. ताईंना हसू आलं असेल तर हसू द्यावं, आम्हीही हसलो. पण यंत्र फक्त सांगितलेलं करतं, त्याला श्री कळत नाही आणि बाकीचंही काही आपोआप कळत नाही, हे मुलांना एका रविवारात समजलं. मला ते महिनाभरात सांगून पटवता आलं नसतं. आता ती यंत्राला फुलं वाहतील असं मला वाटत नाही.

तरी तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. परवाच त्या भागाकारवाल्या मुलीने विचारलं, "सर, बाकी टाकून दिली म्हणजे आत नक्की काय केलं? कुठे टाकली?" मला थोडंफार सांगता आलं, पूर्ण नाही. बाकीचेही आता असंच विचारायला लागले आहेत. मी मुलांना म्हणालो, याचं उत्तर आकड्यांच्या भाषेत आहे. पहिल्या दिवशी त्यांनी हा प्रश्न विचारला नसता.

म्हणून फेब्रुवारीपासून यंत्रभाषेचे तास ठेवले आहेत, संध्याकाळी, त्याच प्रयोगशाळेत. वेळापत्रकात त्या तासांपुढे मी तुमचं नाव घातलं आहे आणि प्राचार्यांची सही घेतली आहे. डॉक्टर फळ्यापाशी उभं राहू देतील तेव्हा या. तोपर्यंत ते तास मी घेणार नाही. मुलांना सांगितलं आहे की मोठे सर येणार आहेत.

ताईंना आणि मुलांना नमस्कार व आशीर्वाद. गाडी कधीची ते कळवावं, मी स्टँडवर येतो.

तुमचा विद्यार्थी